चारची लाइट

हमीदा तांबोळीला काळजी करायला कारण लागत नसे. दूध तापत ठेवलं की ते उतू जाईल याची काळजी, आणि नाहीच गेलं तर गॅस संपला की काय याची काळजी. नवरा मेहमूद चारचौघांत म्हणायचा, "हिला जन्नतमध्ये नेऊन बसवली तरी आधी छप्पर गळतंय का ते बघंल." लोक हसायचे, हमीदाही हसायची, आणि हसताहसता बाहेर वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं उडाले तर नाहीत ना, म्हणून दाराकडं बघायची. पण २००५ सालच्या उन्हाळ्यात तिच्या काळजीला खरंखुरं कारण मिळालं. ते कारण तिच्या पुढच्या खोलीत टेबलावर बसलेलं होतं आणि त्याच्यावर तिनंच शिवलेलं झालरीचं कव्हर होतं.

मेहमूदचा मांडवगण फराट्याच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत तो व्हिडिओ शूटिंग करायचा. आता गावाकडच्या लग्नात मांडवात एक लग्न चाललेलं असतं आणि आतल्या खोलीत बायकांचं दुसरंच. तिथं हळद लागते, बांगड्या भरल्या जातात, चावट उखाणे होतात, मध्येच कुणीतरी रडायला लागते आणि बाकीच्या तिला गप्प करताकरता स्वतः रडतात. तिथं पुरुषाचा कॅमेरा चालत नाही. म्हणून एका लग्नात मेहमूदनं कॅमेरा हमीदाच्या हातात दिला. जगभराची काळजी वाहणाऱ्या या बाईचा हात कॅमेऱ्यावर मात्र जराही हलला नाही. तेव्हापासून बायकांकडचं शूटिंग हमीदाचं, मग लग्न हिंदूंचं असो की मुसलमानांचं.

पुढं अडचण आली ती मिक्सिंगची. कॅसेट पुण्याला पाठवायची, तिथं कुणीतरी पोरं ती कापून, गाणी घालून, सीडी करून द्यायची. एका लग्नातल्या नवरीच्या मावशीचा नाच त्या पोरांनी पुन्हा पुन्हा बघून दात काढले, अशी बातमी कशी कोण जाणे गावात आली. झालं. बायकांनी हमीदाला घेरलं. "आमची कॅसेट तुझ्या घराच्या भाईर जायाची न्हाई. जाणार आसंल तर कॅमेरा घिऊन येऊच नगंस." हमीदानं शब्द दिला. शब्द देताना तिला मिक्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

शब्द पाळायला कॉम्प्युटर आला. तयार घ्यायची ऐपत नव्हती म्हणून तो सुट्या भागांचा, घरी जुळवलेला. जुळवला हमीदाच्या धाकट्या भावानं, अफताबनं. त्याचं दौंडला स्टेशनाजवळ दुरुस्तीचं दुकान होतं, आधी रेडिओ-टीव्हीचं, मग कॉम्प्युटरचं. दहावी पास हमीदा भावाशेजारी बसून मिक्सिंग शिकली. कुठं कापायचं, कुठं जोडायचं, नवरीचा चेहरा उमलत्या फुलातून कसा बाहेर काढायचा, हे सगळं तिला वर्षभरात यायला लागलं. अवघड होता तो शेवटचा टप्पा. सगळे तुकडे जुळवून झाले की मशीनला रेंडरला लावायचं, म्हणजे त्या तुकड्यांची एक सलग फिल्म बनते. तासाभराच्या एका सीडीला सहा तासांहून जास्त लागायचे. भात शिजताना गॅस संपला तर पातेलं परत चुलीवर ठेवता येतं. रेंडर मध्येच तुटलं की पहिल्यापासून. तुकड्यातुकड्यानं करून बघितलं, तर जोडावर गाणं अडखळायचं आणि गिऱ्हाईक सीडी परत आणून द्यायचं.

आणि त्या उन्हाळ्यात दिवसाची लाइट यायची दहाला आणि जायची चारला. रात्रीच्या लाइटचा तर काही नेमच नव्हता.

लाइटवरून गावात एवढी बोंबाबोंब झाली की ग्रामसभा भरली. सगळ्यांचा राग एकाच गोष्टीवर होता. वजनदार माणसं सबस्टेशनला फोन लावून आपल्यापुरती लाइट लांबवून घेतात, आणि तेवढं पाणी त्यांच्याच उसाला मिळतं. सोसायटीचे चेअरमन हौसराव फराटे उभे राहिले. सरळ रेषेत चालणारा, कमी बोलणारा आणि बोलला की समोरच्याला खाली बघायला लावणारा माणूस. ते म्हणाले, "आजपासनं मांडवगणातनं कुणी सबस्टेशनला फोन लावायचा न्हाई. लावंल त्याला सोसायटीच्या पायरीवर उभा करीन. त्यात मी आलो." टाळ्या पडल्या. फोन बंद झाले. लाइट ठरल्या वेळी, घड्याळ लावून घ्यावं अशी जाऊ लागली.

याच हौसरावांच्या पुतणीचं, सायलीचं लग्न एप्रिलात झालं.

सायलीचे वडील ती लहान असतानाच वारले होते. आई धुरपदा थोरल्या दिरांच्या, म्हणजे हौसरावांच्या घरातच राहिली. हौसरावांनी पोरीला कधी काही कमी पडू दिलं नाही, पण घरातली रीत कडक. धुरपदा त्यांना भाया म्हणायची, त्यांच्यासमोर डोईवरचा पदर ढळू देत नसे, आणि तेही तिच्याशी सरळ बोलत नसत. सांगायचं ते सायलीकडून सांगायचे. हळदीच्या दिवशी सवाष्णींनी नवरीला हळद लावली. धुरपदा विधवा, म्हणून ती कोठीच्या दाराशी सामानाला हात लावत उभी राहिली. हमीदाचा कॅमेरा चालू होता. मग जेवणाची हाक आली, सगळ्या बायका मांडवात गेल्या, आणि खोलीत सायली, कॅमेरा आणि हमीदा एवढीच राहिली.

धुरपदा आत आली. तिनं दार ओढून घेतलं. वाटीत उरलेली हळद घेतली आणि पोरीच्या कपाळाला, गालांना, हातांना, पायांना सावकाश लावली. कितीतरी वेळ लावत होती. सायली लहान असताना कशी होती, बापाच्या खांद्यावर बसून कशी ओढ्यापर्यंत जायची, ते सांगत होती. हमीदाला कॅमेरा बंद करायचं सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण हात झाला नाही.

शेवटी धुरपदानं कॅमेऱ्याकडं बघितलं. "ह्ये कुणाला दिसू दिऊ नगंस हमीदा. भायांना कळलं तर घरात ऱ्हायाची चोरी हुईल मला. पर पुसू बी नगंस. माझ्या पोरीला कवातरी बघू दे, तिच्या आईनं तिला हळद लावली व्हती म्हून."

हमीदानं आणखी एक शब्द दिला. मेहमूदलासुद्धा सांगितलं नाही.

आता या शब्दात तिची मान कशी अडकली ते बघा. सायलीचा नवरा गुजरातेत वापीला कंपनीत होता. सायली माहेरपणाला येणार आणि मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चार वाजून गेले की, मांडवगणातूनच जीपनं निघणार. मग एकदम दिवाळीला. हौसरावांनी निरोप धाडला होता की रविवारी लग्नाच्या तिन्ही सीड्या तयार पाहिजेत, आणि कॅसेटाही परत पाहिजेत. घरच्या बायकांची कॅसेट दुसऱ्याच्या घरात ठेवायची नाही, असा त्यांचा नियम होता. म्हणजे रविवारी चारपर्यंत हमीदानं तीन सीड्या करायच्या, चौथी फक्त सायलीसाठी, आणि चौथी हातात आल्यावर कॅसेटवरचा तेवढा भाग काळा करून टाकायचा. एवढं सगळं दहा ते चारमध्ये. आणि मशीनला एका सीडीला सहा तास पुरत नव्हते.

तिनं अफताबला फोन लावला.

"नवीन प्रोसेसर घे," तो म्हणाला.

"ते सोडून बोल."

अफताब जरा थांबला. "मग आहे त्यालाच पळवावं लागंल, बाजी. ओव्हरक्लॉक म्हणतात. कंपनीनं जेवढा वेग बांधून दिलाय त्याच्यापेक्षा जास्त वेगानं चालवायचं. बैल तोच, फक्त हाकायचा जोरात. पण बैल तापतो."

"मेला तर?"

"सांभाळून केलं तर न्हाई मरत."

असल्या उत्तरानं दुसरं कुणी निर्धास्त झालं असतं. हमीदाला त्यातलं फक्त 'तर' ऐकू आलं.

अफताब एका सकाळी वडापच्या जीपनं येऊन सगळं दाखवून गेला. मशीन चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहायचं, मग निळं पान उघडतं. त्या पानावर एका जागी शंभर लिहिलेलं आहे. तो आकडा थोडा वाढवायचा, मशीन चालवून बघायचं, ठीक चाललं तर आणखी थोडा. बाकी कशालाही हात लावायचा नाही. त्यानं जुनी रॅम काढून मोठी बसवली आणि प्रोसेसरवर मोठा पंखा आणून दिला. मलमाची एक बारकी पुडी देऊन म्हणाला, "पंखा बसवायच्या आधी हे लाव. तुरीच्या डाळीएवढंच."

आता हमीदाच्या घरात मलम कधी कुणी डाळीएवढं लावलं नव्हतं. भाजलं की भरपूर लावायचं, ही तिच्या आईची शिकवण. तिनं तो चिमुकला चौकोन पांढऱ्या लेपानं पुरता झाकून टाकला आणि वर पंखा दाबून बसवला. मशीन अर्ध्या तासात एवढं तापलं की आपसूक बंद पडलं. तिनं रडवेल्या आवाजात फोन केला, तेव्हा अफताब पलीकडून हसत सुटला. "बाजी, नवरीला हळद लावल्यागत थापलंस व्हय? पूस सगळं!"

हमीदा पुसत बसली. 'हळद' हा शब्द ऐकून तिनं मागं वळून दाराकडं बघितलं होतं, ते अफताबला कुठलं कळायला.

दुसरी चूक हावरटपणाची झाली. शंभरचे एकशे पाच चालले, एकशे दहा चालले, तेव्हा तिला वाटलं, मग एकशे तेहतीसच का नको? केले. पडदा काळा. पंखे घुमताहेत, दिवा लागलाय आणि पडद्यावर काही म्हणजे काही नाही. निळं पानही नाही. हमीदा टेबलाशी तशीच उभी राहिली. आपण भावानं जुळवून दिलेलं, नवऱ्यानं घाम गाळून आणलेलं मशीन मारलं, असंच तिला वाटलं. आतला गोल सेल थोडा वेळ काढून ठेवायचा, म्हणजे मशीन केलेलं सगळं विसरतं आणि पुन्हा शंभरवर येतं, असं अफताबनं फोनवर सांगितलं. कानातल्याचं मळसूत्र फिरवावं तसा हळू हात लावून तिनं तो सेल काढला, मुठीत धरला आणि डोळे मिटून जेवढ्या दुआ पाठ होत्या तेवढ्या म्हणून घेतल्या. सेल परत बसवला. पडदा उजळला. मशीन विसरलं, पण हमीदा काही ती गोष्ट विसरली नाही.

त्यानंतर ती पायरीपायरीनं चढली. एकशे अठराला मशीन चांगलं पळू लागलं, पण फिल्ममध्ये एका जागी वरमाईच्या तोंडाचे हिरवे चौकोन झाले. अफताब म्हणाला, "वेग वाढवला की डिस्कवर काय लिहिलं जाईल त्याचा भरवसा न्हाई. मशीनमध्ये आहे म्हणून खुश होऊ नको. सीडी हातात आली आणि टीव्हीवर बघितली, की मगच झालं म्हण." हे वाक्य हमीदानं मनावर कोरून घेतलं. चौथी सीडी टीव्हीवर बघितल्याशिवाय कॅसेटवरची ती हळद पुसायची नाही.

शेवटी एकशे पंधरावर मशीन टिकलं. एक अट होती. कॅबिनेटची एक बाजू उघडी टाकायची आणि तिच्यासमोर टेबलफॅन पूर्ण जोरात. फॅन असला की सीडी चारच्या आत. फॅन हलला की मशीन गोठायचं. चित्र आहे तिथं थांबायचं, माऊस हलायचा नाही, काही दाबलं तरी ऐकायचं नाही. तेव्हापासून घरातल्या माणसांनी घामात राहायचं आणि वारं कॉम्प्युटरनं खायचं. मेहमूद कुरकुरायचा, "सवतीचे लाड चाललेत."

शुक्रवारी पहिली सीडी झाली, शनिवारी दुसरी. रविवारची तिसरी लहान होती, ती दुपारी दोनच्या सुमारास हातात आली. हमीदानं टीव्हीवर पळवून बघितली. कुठं चौकोन नाहीत, कुठं गाणं अडखळत नाही. मग तिनं दार लोटून घेतलं आणि धुरपदाचा तुकडा रेंडरला लावला. दहा-बारा मिनिटांचा तुकडा, तासाभराचं काम. चारच्या आत आरामात होणार होतं. कितीतरी दिवसांनी तिला वाटलं की आता काळजीचं काही नाही, आणि असं वाटल्याबरोबर तिला भीती वाटली.

दारात मेहमूदचा आवाज आला. "या आबा, या. बसा."

हमीदानं झटक्यात मॉनिटरचं बटण बंद केलं आणि डोक्यावर पदर घेतला. हौसराव आत आले. ते चारला येणार होते. जीप लवकर लागेल म्हणून आधीच आले. उन्हातून चालत आलेला माणूस, सदरा पाठीला चिकटलेला. खुर्चीवर बसले आणि उपरण्यानं मान पुसू लागले.

"घामाघूम झालात आबा," म्हणत मेहमूदनं टेबलफॅन उचलला आणि त्यांच्याकडं फिरवून ठेवला.

हमीदानं ते बघितलं. ती एक पाऊल पुढं झाली. पण दारी आलेल्या माणसावरचं वारं काढून कॉम्प्युटरला घालायचं, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि तेही हौसरावांना? मेहमूदची चूक म्हणावी तर ती चूकच नव्हती. कुठल्याही घरात कुणीही तेच केलं असतं, तिनंही केलं असतं. ती आत गेली, चहाचं आधण ठेवलं, आणि कान पुढच्या खोलीकडं लावून उभी राहिली. कॅबिनेटच्या आतला लहान पंखा वाढत्या आवाजात घुमत होता. तिला एकटीलाच तो ओरडल्यासारखा ऐकू येत होता.

चहा घेऊन ती बाहेर आली. तिन्ही सीड्या आणि कॅसेटा तिनं हौसरावांसमोर ठेवल्या. त्या तुकड्याची कॅसेट सोडून.

हौसरावांनी मोजल्या. "एक कमी हाय."

"तिचं काम चालू हाय आबा. चारपत्तुर देते."

"मशीन तर बंद दिसतंय."

"बंद कुठलं!" मेहमूद अभिमानानं म्हणाला. बायकोनं महिनाभर घेतलेली मेहनत मोठ्या माणसाला दाखवायची एवढीच त्याची इच्छा. "आत चालू आसतंय आबा. ह्ये बघा." त्यानं मॉनिटरचं बटण दाबलं.

पडदा उजळला. त्याच्यावर धुरपदा होती. डोईवरचा पदर खांद्यावर आलेला, हळदीनं भरलेला हात सायलीच्या गालावर, आणि दोघींचे डोळे भरलेले. चित्र हलत नव्हतं.

हमीदा पुढं झाली. माऊस हलवला. काही नाही. बटणं दाबली. काही नाही. मशीन गोठलं होतं. अख्ख्या फिल्ममध्ये दुसरी एखादी जागा त्याला मिळाली नव्हती. वायर ओढावी असं तिला वाटलं, पण आता ओढून उपयोग नव्हता. मेहमूदचं हसू तोंडावरच वाळलं. तो कधी पडद्याकडं बघे, कधी बायकोकडं.

हौसराव बघत होते. एका घरात इतकी वर्षं राहून त्यांनी भावाच्या बायकोचं तोंड असं समोरून कधी बघितलं नसावं.

"ह्ये सीडीत घातलंय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आबा. तिन्हीत न्हाई."

"मंग?"

खोटं बोलायची हमीदाला सवय नव्हती. "पोरीसाठी. निराळी."

"सायलीच्या आईनं सांगितलं?"

हमीदा खाली बघत उभी राहिली. दोन शब्द दिले होते तिनं, आणि त्यातला एक समोरच्या पडद्यावर उघडा पडला होता. धुरपदा आजपासून त्या घरात कशी राहणार, हाच विचार तिच्या डोक्यात घुमत होता.

हौसरावांनी चहा उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याला. कपबशी खाली ठेवली. "लाइट कवा जाती?"

"चारला."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. सीड्या आणि कॅसेटा उपरण्यात बांधल्या. राहिलेली कॅसेट मागितली नाही. उठताना त्यांनी टेबलफॅन दोन्ही हातांनी उचलला, पुन्हा मशीनकडं तोंड करून ठेवला आणि निघून गेले.

"हे काय होतं, हमीदा?" मेहमूदनं विचारलं.

"आत्ता विचारू नका," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. रडतरडतच तिनं मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं, डिलीट दाबत राहिली. निळं पान उघडलं. तीन वाजून गेले होते. एकशे पंधरावर ठेवलं तर चारच्या आत काठाकाठानं होईल, पण मशीन तापलेलं, पुन्हा गोठलं तर सगळं गेलं. शंभरवर आणलं तर गोठणार नाही, पण चारला लाइट जाईल तेव्हा काम अर्धवट राहील. यूपीएस फार तर पाच-सात मिनिटं धरील. तिचं बोट त्या आकड्यावर थांबलं. महिनाभर ती त्या आकड्याला वर चढवत आली होती. मग तिनं तो शंभरवर आणला. घाबरून आणला, शहाणपणानं नव्हे. पुन्हा ते गोठलेलं चित्र बघायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

पट्टी सरकू लागली. हमीदा एकदा पट्टीकडं बघे, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडं. हौसराव आता घरी पोचले असतील. आता धुरपदाला बोलावलं असेल. की पोरीच्या जाण्याच्या वेळी तमाशा नको म्हणून थांबले असतील? तिनं दोनदा दारापर्यंत जाऊन रस्त्यावर बघितलं. कुणाचा आरडाओरडा ऐकू येत नव्हता, आणि त्यानं तिला जास्तच भीती वाटली.

चार वाजले. हमीदानं टेबलफॅनकडं बघितलं. तो फिरत होता.

घड्याळ पुढं असेल, तिला वाटलं. तिनं मेहमूदच्या मोबाइलवर बघितलं. चार वाजून गेले होते. फॅन फिरतच होता. महिनाभरात असं एकदाही झालं नव्हतं. पट्टी शेवटाला आली, सीडी लिहून झाली, मशीननं ट्रे बाहेर ढकलला. तिनं ती गरम सीडी टीव्हीखालच्या प्लेयरमध्ये घातली. धुरपदा दार ओढून घेत आत येत होती. सगळं स्वच्छ होतं.

सीडी पाकिटात घातली तोच सायली दारात उभी. नवी साडी, घाईत धावत आल्यासारखी. "हमीदाकाकू, जीप थांबलीय. आबा म्हणले, हमीदाला भेटल्याबिगर जाऊ नगंस, ती काय दील ते घे आन् पिशवीत तळाला ठेव."

हमीदानं पाकीट तिच्या हातात दिलं. "आन् आबा कुठं हायेत?"

"सबस्टेशनवर गेलेत म्हणं," सायलीचा चेहरा पडला. "फोनवर काम झालं न्हाई म्हून सोताच गेले. मी निघायच्या टायमाला बी न्हाई थांबले. आयुष्यभर मला कडंवर घेतलं आन् आज पाठ फिरवली."

हमीदानं तिला जवळ घेतलं. सांगावंसं तिला फार वाटलं. पण हौसरावांनी पोरीला सांगितलं नाही ते आपण कसं सांगायचं, म्हणून तिनं नुसता पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. जीपचा हॉर्न वाजला. सायली गेली. हमीदानं कॅमेऱ्याच्या तोंडावर झाकण लावलं आणि कॅसेटवर तेवढ्या भागापुरता अंधार भरून घेतला. ते होतं न होतं तोच लाइट गेली.

मग जे व्हायचं ते झालंच. त्या जादाच्या वेळात गावातल्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी चालल्या होत्या, हौसरावांचीही. पुढच्या ग्रामसभेहून मेहमूद घरी आला तो हसतच. जेवायला बसताना म्हणाला, "आज आबांची जिरली. एकानं उठून सरळ विचारलं, ऊस भिजला का चेअरमन? आन् ते काय म्हणले म्हाइतीय? 'चुकलं माझं.' एवढंच. आन् सोताहून जाऊन सोसायटीच्या पायरीवर उभे ऱ्हायले. पोरंसोरं बघून हसत व्हती. मोठ्या लोकांची तत्त्वं अशीच आसतेत."

भाकरी थापता थापता हमीदाचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिला उलटवायचं सुचेना.

"त्यांनी ऊस न्हाई भिजवला," ती म्हणाली.

"मग कशाला लांबवली लाइट?"

तिनं भाकरी उलटली. धुरपदा अजून त्याच घरात होती, पदर डोईवर घेऊन, आणि तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. हमीदाचे डोळे चुलीच्या धगीनं चुरचुरत होते, असं मेहमूदला वाटलं असावं, कारण तो उठला आणि पुढच्या खोलीतला टेबलफॅन उचलून तिच्याजवळ आणून ठेवला.

"जेवा तुम्ही," ती म्हणाली. "गार होतंय."